पंथभेद आणि ऐक्य

‘ख्रिस्ती’ म्हटलें म्हणजे आपल्या घरांतून एकच एक समाज डोळ्यांपुढें उभा राहतो. वस्तुतः त्यांच्यांतहि पंथोपपंथ आहेत, आणि ते पाहण्यास विलायतेस जावयास नको. आमचें उमरखेड ज्या यवतमाळ जिल्ह्यांत आहे, तेथें फ्री मेथडिस्ट मिशननें काम केलें. नागपुरास स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन पाद्री आले. त्यांपैकीं स्टीफन हिस्लॉप यांच्या नांवाचें कॉलेज तेथें १८८३ सालीं निघालें. अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशन होतें. रोमन कॅथलिकांची व्यवस्था अगदीं निराळी. त्यांचा अमरावती धर्मप्रांत १९५५ सालचा.

एकमेकांच्या कामांत अडथळा नको, म्हणून प्रॉटेस्टंट मिशनांनीं बहुधा मुलूख वांटून घेतले होते. त्यामुळें अमुक मनुष्य कोणत्या पंथाचा, हें पुष्कळदां त्याच्या विचारानें न ठरतां त्याच्या गांवानें ठरलें. पण वाचकांनीं यास हंसूं नये. पंचांगांत स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादशी येतात. त्यांतली आपली कोणती, हें धर्मशास्त्र पाहून ठरविलें, असें आपल्यापैकीं किती जण सांगूं शकतील?

असे वाट्यास आलेले भेद मिटवावे कसे? १९५३ सालीं यवतमाळ येथें युनियन बिब्लिकल सेमिनरी निघाली. निरनिराळ्या मंडळ्यांच्या उपदेशकांनीं एकाच विद्यालयांत शिकावें, हा तिचा हेतु तिच्या नांवांतच आहे. १९८३ सालीं ती पुण्यास गेली.

याहून मोठा प्रयत्न नागपुरास झाला. तेथें २९ नोव्हेंबर १९७० रोजीं अँग्लिकन, बॅप्टिस्ट इत्यादि सहा मंडळ्या मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ ही एक मंडळी झाली. अडचण लहान नव्हती. कांहींच्या मतें तान्ह्या मुलास बाप्तिस्मा द्यावा. कांहींच्या मतें जाणत्या वयांत स्वतःच्या श्रद्धेनें तो घ्यावा. वाद जिंकण्याचा हट्ट कोणीं धरला असता, तर ऐक्य झालेंच नसतें. तेव्हां दोन्ही चाली मान्य झाल्या. बिशपाचें पद कित्येकांकडे पूर्वीं नव्हतें. तें त्यांनीं स्वीकारलें, आणि बिशपाच्या जोडीस निवडून आलेल्यांच्या सभा राहिल्या. सर्वच आंत आले असें नाहीं. यवतमाळचे फ्री मेथडिस्ट बाहेरच राहिले.

परधर्माची ही हकीगत आपल्या कामाची आहे. एकत्र कुटुंबांत नवी सून माहेरचा कुळाचार, व्रत, नैवेद्याची रीत घेऊन येते. “आमच्यांत असें नसतें,” या एका वाक्यानें आपण तिचें तोंड बंद करितों, आणि त्यालाच घराची एकी म्हणतों. दोन्ही चाली एका छपराखालीं नांदूं शकतात कीं नाहीं, हें आधीं पाहावें. घरांतील वडील मंडळींनीं, विशेषतः सासूबाईंनीं, याचा विचार करावा.