लांडगा कोण, माणूस कोण?

गेल्या रविवारी विहारात वंदना आटोपली आणि एक बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, जयभीम. एक विचारायचं होतं. आमची पोरगी दिवसरात्र एक इंग्रजी पुस्तक घेऊन बसते. त्यात म्हणे रक्त पिणारी भुतं आहेत आणि माणसाचे लांडगे होतात. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. आपल्या घरात हे चालतं का?"

बाई चार घरची धुणीभांडी करतात. पोरगी बारावीला आहे. घराण्यात इंग्रजी पुस्तक शेवटपर्यंत वाचणारी ती पहिलीच. फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून तिने ते आणले. माऊलीला त्यातले एक अक्षर वाचता येत नाही, आणि खरी धास्ती तीच होती. पोरगी आपल्याला न कळणाऱ्या कुठल्या तरी जगात निघून चालली, असे त्यांना वाटत होते.

मी म्हटले, "हिसकावून घेऊ नका. आधी मला वाचू द्या."

पुस्तकाचे नाव 'ट्वायलाईट'. स्टेफनी मेयर या अमेरिकन लेखिकेची ही कादंबरी २००५ साली आली. २००८ पर्यंत तिचे चार भाग झाले आणि पुढे त्यांवर पाच चित्रपट निघाले. जगभरात दहा कोटींहून अधिक प्रती खपल्या. बेला नावाची शाळकरी मुलगी वडिलांकडे राहायला येते आणि एडवर्ड या पिशाच्च मुलाच्या प्रेमात पडते. जेकब नावाच्या दुसऱ्या मुलाचाही तिच्यावर जीव असतो, आणि हा जेकब लांडग्याचे रूप घेतो. अशी ही कथा.

वाचकहो, भूत-पिशाच्च नसते हे आपल्या लेकरांना पाळण्यातच सांगितलेले असते. कादंबरी ही कल्पना आहे हे बारावीच्या पोरीला कळते. तेव्हा भुताची चिंता नको. चिंता करण्यासारखी गोष्ट या पुस्तकात आहे, पण ती वेगळीच आहे.

आधी चांगले ते सांगते. एडवर्डचे कलन कुटुंब मला आवडले. त्यात कुणीही कुणाच्या रक्ताचे नाही. कुटुंबप्रमुख कार्लाईल डॉक्टर आहे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मरायला टेकलेल्या एडवर्डला त्याने आपलेसे केले, आणि असेच एकेक माणूस त्या घरात जोडले गेले. माणसाचे रक्त प्यायचे नाही असा या घराचा नियम आहे. रानातल्या जनावरांवर ते भागवतात. तहान तर लागतेच, पण ती आवरायची, हे प्रत्येकजण रोज नव्याने ठरवतो. माणूस जन्माने नव्हे, कर्माने ठरतो, ही तथागतांची शिकवण ऐकत वाढलेल्या पोरीला हे घर आवडले तर नवल नाही.

आता दुसरी बाजू पाहा. जेकब आणि त्याचे मित्र क्विल्यूट जमातीचे आहेत. ही अमेरिकेतली मूलनिवासी जमात. जवळपास पिशाच्चे आली की त्यांच्या कोवळ्या मुलांना ताप भरतो, राग अनावर होतो आणि त्यांचे लांडगे होतात. त्यांना कुणी विचारत नाही. ते त्यांच्या रक्तातच असते. त्यांच्यातल्या एकाचा तोल क्षणभर जातो आणि त्याच्याच प्रेयसीचा चेहरा कायमचा विद्रूप होतो. कुणावर प्रेम बसावे हेदेखील त्यांच्या हातात नसते. लेखिकेने या मुलांना शूर दाखवले आहे, प्रेमळ दाखवले आहे, गावाचे रक्षणही तीच करतात. हे खरे. पण गोऱ्या कुटुंबाला निवड मिळाली आणि मूलनिवासी पोरांच्या वाट्याला जन्म आला. एकाचे चारित्र्य त्याच्या संयमावरून ठरते, दुसऱ्याचे जातीवरून.

हा हिशेब आपल्या ओळखीचा नाही का? १८७१ साली इंग्रज सरकारने कायदा करून आपल्या देशातल्या कितीतरी जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले होते. तो शिक्का कायद्याने पुसायला १९५२ साल उजाडले. लोकांच्या मनातून तो आजही पुसलेला नाही.

आणि क्विल्यूट ही जमात लेखिकेच्या कल्पनेतली नाही. ती खरी आहे. वॉशिंग्टन राज्यात, पॅसिफिक समुद्राच्या काठी ला पुश नावाचे तिचे छोटे गाव आहे. मासेमारी हा तिचा पिढीजात धंदा. १८८९ साली सरकारने तिच्यासाठी जेमतेम एक चौरस मैल जागा राखून ठेवली. त्याच वर्षी गावातली माणसे हॉप्सच्या तोडणीला गेली होती. बिअरमध्ये घालतात त्या फुलांना हॉप्स म्हणतात. आपल्याकडे ऊसतोडीला जातात, तशीच ती मजुरी. मागे त्यांची सव्वीस घरे जाळली गेली. त्या जमिनीवर एका गोऱ्याचा डोळा होता. माणसे परत आली तेव्हा राख उरली होती. वाचकहो, जळालेली वस्ती म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही.

या जमातीच्या जुन्या कथेत लांडगा आहे. एका दैवी पुरुषाने लांडग्यांच्या जोडीला माणूस केले आणि तिथून आपला वंश सुरू झाला, असे त्यांचे पूर्वज सांगत. ती कथा आपण खरी मानावी असे नाही, पण तिची दिशा पाहा. मूळ कथेत लांडग्याचा माणूस होतो. कादंबरीत माणसाचा लांडगा होतो. रक्तपिपासू पिशाच्चे तर त्यांच्या कथांत नाहीतच. तीही त्यांच्या नावावर घातली गेली.

हे लिहिताना जमातीला विचारले नव्हते. पुस्तके खपली, चित्रपट चालले, क्विल्यूट नावाचे दागिने आणि कपडे दुकानांत आले. २०१० साली अँजेला रायली या कायद्याच्या प्राध्यापिकेने 'न्यूयॉर्क टाईम्स'मध्ये लेख लिहून या लुटीबद्दल जाब विचारला. त्या स्वतःही एका मूलनिवासी जमातीच्या आहेत. क्विल्यूट लोकही गप्प बसले नाहीत. आपल्या खऱ्या लांडगा-कथेचे प्रदर्शन त्यांनी त्याच वर्षी सिएटलच्या कलासंग्रहालयात मांडले. त्यांची शाळा सुनामीच्या टापूत, अगदी समुद्राला लागून होती. उंचावरच्या जमिनीसाठी ते वर्षानुवर्षे झगडत होते. २०१२ साली अमेरिकेच्या संसदेने कायदा करून त्यांना ७८५ एकर जमीन दिली, आणि २०२२ साली उंचावर नवी शाळा सुरू झाली. आपल्या लेकरांची शाळा लाटेच्या वाटेतून बाहेर काढणारे हे लोक आहेत. कादंबरीच्या वाचकाला मात्र ते लांडगे म्हणूनच माहीत.

म्हणून त्या माऊलीला मी सांगितले, "पुस्तक वाचू द्या. बाबासाहेबांनी आपल्याला पुस्तकापासून दूर राहायला शिकवले नाही. पण रोज संध्याकाळी तिला गोष्ट सांगायला लावा, आणि मधूनमधून विचारा. ही गोष्ट कोण सांगतंय? लांडगा कुणाला केलंय? त्या लोकांना कुणी विचारलं होतं का? एवढं विचारायला इंग्रजी यावं लागत नाही."

परवा बाई पुन्हा भेटल्या. म्हणाल्या, "ताई, मी भाकरी थापते आणि ती गोष्ट सांगते. काल मी तिला विचारलं, त्या डॉक्टरच्या घराला रक्त सोडता येतं, मग त्या पोरांनाच का नाही सुटत? तर पोरगी गप्पच झाली. मग म्हणाली, आई, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं."

बाई हे सांगताना हसत होत्या. दुसरा भागही त्याच फुटपाथवर मिळेल का, असे त्यांनीच मला विचारले.

जयभीम!