इंजिनाचं काम काढावं की गाडीच काढून टाकावी?

जुनी गाडी ऑईल खायला लागली की सल्ल्यांचा पाऊस पडतो. ऑफिसात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, सासुरवाडीला, सगळीकडे एकच वाक्य: "अरे, साठ हजारांच्या गाडीवर पंचेचाळीस हजार कोण घालतं? काढून टाक!" ऐकायला बिनतोड वाटतं. पण मला हा हिशोबच पटत नाही.

साठ हजार ही माझी गाडी विकायची किंमत झाली. तेवढ्या पैशात मला दुसरी धड गाडी मिळणार आहे का? मिळाली तरी तिच्या इंजिनात काय दडलंय ते देव जाणे. म्हणजे तुलना दुरुस्ती आणि गाडीची किंमत यांची नाहीच, दुरुस्ती आणि पर्याय यांची आहे. पर्याय म्हणजे नवी छोटी गाडी. ७ लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, ५ वर्षं: हप्ता साधारण १४,५०० रुपये. अख्ख्या इंजिनाचं काम म्हणजे असे तीन-सव्वातीन हप्ते! "पण हप्ते फेडून गाडी आपली होते ना?" होते की. पण २००२ च्या इंडियन मोटर टॅरिफचा तक्ता बघा, पाचव्या वर्षात विम्यासाठी तिची किंमत निम्मी धरलेली आहे.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना खरं तर हे कळायला हवं. जुना कोड दिसला की "फेकून द्या, नव्याने लिहू" अशी खुमखुमी येतेच. नेटस्केपने तेच केलं. ५.० आवृत्ती कधी आलीच नाही, थेट ६.० आली, तीही नोव्हेंबर २००० मध्ये. तोवर मैदान इंटरनेट एक्सप्लोररने मारलं होतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जोएल स्पोल्स्कीने यावर एक झणझणीत लेख लिहिला होता. जुन्या कोडमधले बग निदान माहितीचे असतात, नव्यातले अजून भेटायचे असतात :)

मात्र डीबग न करता फिक्स करायचा नाही. फिटरने बॉनेट उघडून नुसतं "इंजिन उतरवावं लागेल साहेब" म्हटलं तर त्याला म्हणावं, थांब. धुराचा रंग बघा. निळसर म्हणजे ऑईल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा येत राहिला तर कुलंट आत शिरतंय, बहुधा हेड गॅस्केट. मग कॉम्प्रेशन टेस्ट. एखाद्या सिलेंडरचं प्रेशर कमी आलं तर त्यात चमचाभर ऑईल टाकून परत मोजायचं. वाढलं तर रिंगा झिजल्यात, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. दोन्हींच्या खर्चात भरपूर फरक पडतो. माझ्या सोळा वर्षांच्या गाडीत प्रेशर वाढलं. म्हणजे रिंगाच.

आता दुसरी बाजू. पंधरा वर्षांनी पुन्हा पासिंग करावं लागतं. १ एप्रिल २०२२ पासून त्याचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं, वर महाराष्ट्रात पर्यावरण कर. नोंदणी वाढून मिळते ती पाचच वर्षं. हे सगळं दुरुस्तीच्या खर्चात धरायलाच हवं. खालून पत्रा आणि चेसिस गंजून गेली असेल, तर इंजिनावर एक रुपयाही घालू नये.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एअरबॅग. ड्रायव्हरसाठी ती सक्तीची झाली जुलै २०१९ मध्ये. माझ्या गाडीत एकही नाही. इंजिन कितीही छान बांधलं तरी ती कमतरता भरून निघणार नाही. महिन्यातून दोनदा आईबाबांना घेऊन एक्सप्रेसवेवर जायचं असतं, तर मी हा सगळा हिशोब बाजूला ठेवून गाडी विकली असती.

पण माझं चालवणं म्हणजे घर ते हिंजवडी, आणि तिथल्या ट्रॅफिकमध्ये ताशी चाळीसच्या वर काटा जातोय कुठे! म्हणून ठरवलं: इंजिनाचं काम काढायचं, गाडी शहरातच वापरायची आणि आईबाबांना न्यायचं असेल तेव्हा ट्रेन नाहीतर भाड्याची चांगली गाडी.

तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं. फक्त "गाडीची किंमत किती" इथून सुरुवात करू नका. गाडी कशासाठी हवीय आणि त्या कामाला दुरुस्तीनंतर ती पुरेल का, एवढं आधी बघा. बाकी सल्ले द्यायला पार्किंगमधली मंडळी आहेतच.