वेलांना मातीचा अंगरखा

उन्हाळी दोडका, कारले, लाल भोपळा यांचे वेल परसात उगवून आले, की दोन पाने फुटली न फुटली तोच तांबडे भुंगेरे येतात आणि चार दिवसांत पानांची चाळण करतात. मग घरातले कोणीतरी कपाशीचे उरलेले औषध पंपात घालते आणि त्याच वेलावर मारते. हे मात्र कृपा करून करू नका. विषारी औषध मारल्यावर तोडणीआधी काही दिवस थांबावे लागते. परसातली भाजी आपण दिवसाआड तोडतो, आणि पोरे तर काकडी वेलावरूनच खातात. थांबणार कोण? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक माणसे दगावली. तीच औषधे आपण स्वयंपाकघराच्या दारात आणतो.

आपल्या आज्या अशा वेळी चुलीतली राख वेलांवर धुरळायच्या. राख बसलेले पान भुंगेऱ्याला नकोसे होते. पण ती वाऱ्याने उडते. याच जातीचा, पण पानाला चिकटून राहणारा उपाय म्हणजे केओलिन, म्हणजे कप-बशांची पांढरी चिनी माती. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या सरकारी फळसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी १९९० नंतरच्या दशकात सफरचंद, नासपतीवर तिचे प्रयोग केले. ही माती किडीला मारत नाही. पानावर पांढरा थर बसतो, किडीला झाड ओळखू येत नाही, पायांना कण चिकटतात, खाणे आणि अंडी घालणे जमत नाही. म्हणूनच कीड यायच्या आधी फवारा. वांग्यात शिरलेल्या अळीला तिचा काही उपयोग नाही.

"गणपतीची शाडू चालेल का?" असे कोणी विचारील. नको. तिचा दळ सारखा नसतो, रेतीने नोझल झिजते. भिंतीचा चुनाही नको, पाने करपतात. फवारणीसाठी तयार केलेली बारीक पूडच कृषी सेवा केंद्रातून आणा आणि पाकिटावरचे प्रमाण पाहा. साधारणपणे लिटरला ५० ग्रॅम, म्हणजे ५ लिटरच्या हातपंपाला पाव किलो. आधी थोड्या पाण्यात कालवा, मग उरलेले पाणी घाला. माती तळाशी बसते, म्हणून पंप अधूनमधून हलवत राहा. पूड कालवताना नाकातोंडाला फडके बांधा.

सकाळच्या गारव्यात पानाच्या दोन्ही बाजूंनी फवारा. वाळल्यावर वेल पांढरे दिसतील, घाबरू नका. थर पातळ असला तर उजेड आत जातो आणि पान तापतेही कमी. डाळिंबाची फळे उन्हाने भाजू नयेत म्हणून बागायतदार हीच माती मारतात. नवी पालवी उघडीच राहते, तेव्हा आठ-दहा दिवसांनी पुन्हा हात फिरवा. वळवाची सर आली तर लगेच.

फुले लागली की थांबा. वेलभाज्यांना फळ धरते ते मधमाश्यांमुळे. शिवाय तोवर वेल जोमात आलेला असतो, चार पाने भुंगेऱ्यांनी खाल्ली तरी बिघडत नाही. पाहणी मात्र सोडू नका, कारण या थराने मित्रकीटकही दूर राहतात आणि कधी कधी कोळी वाढतो. पालेभाज्यांवर ही माती मारू नका, धुता धुता नाकी नऊ येतील. आणि पंप वेगळा ठेवा, कपाशीचा परसात आणू नका.