मशीनचे पाणी आणि माठाचे पाणी

घरगुती एस्प्रेसो मशीनच्या खोक्यात अनेकदा एक कागदी पट्टी असते. ती घरच्या पाण्यात बुडवायची, मिनिटभर थांबायचे आणि रंग पाहून पाणी किती जड आहे ते ठरवायचे. माहितीपुस्तिकेत त्यावर दोन-तीन पाने असतात: पाणी जड असेल तर फिल्टर लावा, ठरावीक दिवसांनी क्षार काढा, नाहीतर वॉरंटी विसरा. चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा, देसाईगंज अशा ठिकाणी हे मशीन घेणारा माणूस ही पाने मन लावून वाचतो, कारण त्याने घसघशीत पैसे मोजलेले असतात. मात्र त्याच ओट्यावरच्या माठातले पाणी कधी कोणत्या पट्टीत बुडवले होते का, हा प्रश्न त्या घरात निघालेलाच नसतो.

एस्प्रेसो म्हणजे घाईची कॉफी. १८८४ साली तुरिन शहरात अँजेलो मोरिओंदो यांनी वाफेवर चालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. दुसऱ्या महायुद्धानंतर अकिले गाज्जा यांच्या दांड्याच्या यंत्राने दाब वाढवला आणि कपावर तो तपकिरी फेस दिसू लागला. आज घरच्या मशीनमध्येही तेच घडते. साधारण १८ ग्रॅम बारीक दळलेली कॉफी, ९० ते ९६ अंश तापमानाचे पाणी, ९ बारच्या आसपास दाब आणि २५ ते ३० सेकंद. कपात उतरतात ३५-४० ग्रॅम. खोक्यावर ठळक छापलेले ‘१५ बार’ पाहून कोणी हुरळू नये. तो पंपाचा कमाल दाब असतो, चांगली कॉफी ९ बारलाच होते. स्वस्त मशीनमधला दाट फेससुद्धा बऱ्याचदा जाळीच्या एका बारीक छिद्राची करामत असते, कॉफीची नव्हे.

या यंत्राचा खरा शत्रू चुना. राजुरा आणि कोरपना तालुक्यांत जमिनीखाली चुनखडी आहे, म्हणून तर गडचांदूर आणि आवारपूरला सिमेंटचे कारखाने उभे राहिले. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेते, किंचित आम्लधर्मी होते आणि वाटेतला चुना विरघळवत विहिरीत, बोअरमध्ये येते. ते तापवले की हिशेब उलटा फिरतो. वायू निघून जातो आणि चुना पांढऱ्या थराच्या रूपाने खाली बसतो. गिझरच्या कॉइलवर, चहाच्या भांड्याच्या तळाशी हाच थर दिसतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. समजा, बोअरच्या पाण्याचा जडपणा ४०० आहे आणि मशीनमधून रोज एक लिटर पाणी जाते. महिन्याला बारा ग्रॅम चुना त्या बारीक नळ्यांमधून गेला. सगळा बसत नाही, पण थोडा बसला तरी तापमान बिघडते, वाफेची नळी गुदमरते आणि एक दिवस पंप नुसता घरघरतो.

चंद्रपूरकरांना हे नवे नाही. शहराला लागून २९२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे. तिथल्या बॉयलरमध्ये दाब दीडशे बारच्या वर जातो. त्यात नदीचे किंवा धरणाचे पाणी थेट सोडले तर नळ्या फुटतील, म्हणून पाण्यातले क्षार जवळपास शून्यावर आणूनच ते आत घेतात. ओट्यावरचे मशीन हे त्याच कुळातले धाकटे पोर आहे. बॉयलर आला की पाण्याची चौकशी आली.

इथपर्यंत मशीनमालकाचे बरोबर आहे. चूक पुढे होते. पांढरा थर पाहून घरातले सगळे म्हणतात, ‘बघा, असले पाणी आपण पितो!’ आणि मुतखड्यापासून केस गळण्यापर्यंत सारा दोष त्या थराला देऊन मोकळे होतात. वस्तुस्थिती अशी की जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा घातलेली नाही. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला लागतातच. जड पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, मशीन बिघडते. त्रास खरा, पण तो मुख्यतः भांड्यांचा आहे.

या भागात माणसाचे वाईट करणारी गोष्ट वेगळी आहे आणि ती दिसत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड आढळते. शेजारच्या यवतमाळलाही तीच कथा आहे. खडकातल्या खनिजांतून ते पाण्यात उतरते. मानक सांगते, लिटरमागे १ मिलिग्रॅम, नाइलाजाने १.५. त्याहून जास्त फ्लोराइडचे पाणी लहान मुले वर्षानुवर्षे पीत राहिली तर कायमच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात. हे दात हिरडीत घडत असतात तो काळ साधारण आठ वर्षांपर्यंतचा, त्यामुळे दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. प्रमाण फारच जास्त असले आणि वर्षे बरीच गेली तर सांधे आखडतात, पाठीचा कणा ताठरतो. हाडातला हा बदल मागे फिरवणारे औषध नाही.

फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, पिण्याच्या पाण्यात सापडणाऱ्या प्रमाणात चवही नाही. ते मशीनमध्ये ओळखू येईल असा थर धरत नाही. खोक्यातली पट्टी त्याबद्दल काही बोलत नाही. पाणी शुद्ध करण्याची यंत्रे विकायला येणारा मुलगा जो टीडीएस मीटर पाण्यात बुडवून आकडा दाखवतो, त्यालाही ते कळत नाही, कारण तो विरघळलेल्या सगळ्या क्षारांची एकत्र बेरीज असते. त्याहून अडचणीची गोष्ट रसायनशास्त्रात आहे. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडला धरून खाली बसवते. म्हणून जास्त फ्लोराइडचे भूजल पुष्कळदा कॅल्शियम कमी असलेले, म्हणजे मऊ असते. मशीनला जे पाणी मानवते, ज्याने थर येत नाही, त्याच पाण्यात फ्लोराइड जास्त असू शकते. ‘आमच्या मशीनला दोन वर्षांत काही झाले नाही’ हे पाणी चांगले असल्याचे प्रमाणपत्र नव्हे.

जडपणा उतरवणारा जगमधला किंवा टाकीतला छोटा फिल्टर कॅल्शियम अडवतो, फ्लोराइड तसाच पुढे जातो. उकळून तो जात नाही. पाणी आटले तर उरलेल्यात उलट वाढतो. आरओने तो निघतो, पण आरओ दर लिटरमागे बरेच पाणी मोरीत सोडतो आणि मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर असताना, बोअर खोल गेलेली असताना, ही चैन प्रत्येक गल्लीला परवडणारी नाही. गंमत म्हणजे निव्वळ आरओचे पाणी मशीनलाही फारसे पसंत नसते. त्यात क्षार इतके कमी असतात की काही मशीनच्या संवेदकांना टाकीत पाणी असल्याचेच कळत नाही, कॉफीही बेचव लागते. गावपातळीवर तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड खाली बसवण्याची नालगोंडा पद्धत नागपूरच्या ‘नीरी’ने विकसित केली त्याला अर्धशतक होत आले. ती वापरायची तर आधी पाण्यात फ्लोराइड किती हे माहीत हवे.

आता कपाकडे. फ्लोराइडच्या बाबतीत एस्प्रेसो निरुपद्रवी म्हणावी अशी आहे. एका कपाला पाणी लागते ते चार-पाच चमचे. चहाचे तसे नाही. चहाचे झुडूप मातीतले फ्लोराइड पानांत साठवते आणि कडक उकळलेल्या चहात ते उतरते. पाण्यातच फ्लोराइड असेल तर कोऱ्या, कडक चहाचे दिवसाला सहा-सात कप ही त्यात भर. ज्या घरात चहाऐवजी दोन कप कॉफी आली, त्या घराने नकळत बरे केले. पण उन्हाळ्यात माणूस तीन-चार लिटर पाणी पितो. हिशेब तिथे आहे, माठात.

कॉफीवर जो खरा आक्षेप घ्यायला हवा तो लोहाचा. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात जेवणासोबत कॉफी घेतल्यावर अन्नातल्या लोहाचे शोषण ३९ टक्क्यांनी घटले. चहाने ६४ टक्क्यांनी. जेवणाच्या तासभर आधी घेतलेल्या कॉफीने फरक पडला नाही, जेवणानंतर तासाभराने घेतलेलीने मात्र सोबत घेतल्याइतकाच पडला. भात, डाळ, भाजी यांतले लोह मुळातच कमी शोषले जाते, त्यामुळे शाकाहारी ताटाला हा फटका जास्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत जेवणाआधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळा, दिवसाचे कॅफीन ३०० मिलिग्रॅमच्या आत ठेवा, असे सांगितले ते यामुळेच. जेवून उठल्याबरोबर मशीन सुरू करण्याची इटालियन रीत भरपूर मांस खाणाऱ्यांना परवडेल. वरण-भाताच्या ताटावर ती उसनी आणू नये. दुपारी चार ही तिची वेळ. आशाताई गरोदर बाईला लोहाची लाल गोळी देतात, ती चहा किंवा कॉफीच्या घोटाबरोबर गिळणे म्हणजे गोळीचा बराचसा भाग वाया घालवणे. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उपयोग वाढतो. गरोदरपणात कॅफीन शरीरात कितीतरी जास्त वेळ राहते, म्हणून तेव्हा दिवसाला एक-दोन लहान कपांवर थांबलेले बरे.

गडचिरोली-चंद्रपूरला यात आणखी एक पदर आहे. इथे हिमोग्लोबिन कमी असणे म्हणजे दरवेळी लोहाची कमतरता नसते. सिकलसेलही असू शकतो. त्या रुग्णाने तपासणीशिवाय लोह घेत राहणे योग्य नाही, आणि त्याला कोणत्याही पेयापेक्षा साधे पाणी भरपूर हवे, कारण शरीरातले पाणी कमी झाले की वेदनेचे झटके उठतात. कॉफी सोडली की रक्त वाढेल, असा सल्ला अशा घरात देणे घातक ठरेल.

कोलेस्टेरॉल असणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. कॉफीत कॅफेस्टॉल नावाचा तेलकट पदार्थ असतो. कागदी गाळणीत तो अडकतो, एस्प्रेसोच्या धातूच्या जाळीतून बराचसा कपात येतो. नॉर्वेतल्या ट्रोम्सो इथल्या २०२२ च्या अभ्यासात रोज तीन ते पाच एस्प्रेसो पिणाऱ्यांचे कोलेस्टेरॉल न पिणाऱ्यांपेक्षा जास्त दिसले, पुरुषांत अधिक. एखाद-दुसऱ्या कपाने घाबरण्याचे कारण नाही.

एस्प्रेसो मशीन ही मूठभरांची हौस, तिचा जिवती किंवा धानोऱ्याच्या हापशीशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध जमिनीखालचा आहे. शहराच्या कडेच्या नव्या वस्त्यांमध्ये बंगल्याची बोअर आणि पलीकडच्या गल्लीतली हापशी पुष्कळदा एकाच खडकातून पाणी उपसतात. भांडी घासायला येणारी बाई त्या हापशीचे पाणी पिते, तिची मुले तेच पितात. मशीनसाठी जडपणाची पट्टी आणणाऱ्या, महिन्याला क्षार काढणाऱ्या माणसाकडे चौकशी करण्याची सवय आहे, वेळ आहे, चार पैसे आहेत. त्याने फ्लोराइडचा आकडा मिळवला तर तो एकट्याच्या उपयोगाचा राहत नाही. तो ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत लेखी नेता येतो, आणि लेखी आकड्याला उत्तर द्यावे लागते. मशीनची चैन करू नका असे सांगणे सोपे आहे, पण त्यातून कोणाच्या माठात काही बदलत नाही. मशीनमुळे आलेली पाण्याची चिकित्सा माठापर्यंत नेली, तर ही हौस वस्तीला उपयोगी पडेल.

त्यासाठी फार खटपट लागत नाही. जलजीवन मिशनखाली जिल्ह्यांतल्या पाणी तपासणी प्रयोगशाळा नागरिकांसाठी माफक शुल्कात खुल्या केल्या आहेत. बोअर किंवा हापशी आधी पाच मिनिटे चालवून साठलेले पाणी जाऊ द्यायचे, स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळायची, काठोकाठ भरून बूच लावायचे. काचेची बाटली नको, फ्लोराइड काचेला धरते. बाटलीवर जागा, तारीख आणि बोअर किती फूट खोल आहे ते लिहायचे. तपासणी एकदा मे महिन्यात, पाणी सर्वांत खाली गेलेले असताना, आणि दुसऱ्यांदा पावसाळा सरल्यावर करावी. दोन आकड्यांत फरक निघतो. अर्जात फ्लोराइड हा शब्द स्वतःच्या हाताने लिहावा, नुसते ‘पिण्यायोग्य आहे का’ एवढेच विचारू नये. एक बाटली घरच्या बोअरची आणि दुसरी पलीकडच्या हापशीची न्यावी.