इंजिनीअरिंगला घरून ये-जा करायची आहे? मग कॅपची यादी भरण्याआधी लोकलचं गणित मांडा

सीईटीचे पर्सेंटाइल हातात आले की घराघरांत एकच काम सुरू होतं. गेल्या वर्षीचे कटऑफ उघडायचे आणि कॉलेजं वरून खाली लावत जायचं. मुंबई महानगरात घरून ये-जा करून शिकणाऱ्या मुलांसाठी मात्र ही यादी अर्धवटच असते, कारण तिच्यात गाडीची वेळ कुठेच नसते.

पूर्वी यावर घराघरांतलं ठरलेलं उत्तर होतं, "आधी नंबर लागू तर दे, लांब पडलं तर बघू." आता हे 'बघू' महागात पडू शकतं. २०२५-२६ च्या प्रवेशांपासून कॅपच्या तीनऐवजी चार फेऱ्या झाल्या आणि 'ऑटो फ्रीझ'चे नियम कडक झाले. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी जी जागा मिळेल, तीच पक्की होते. ती नाकारली तर पुढच्या कॅप फेऱ्यांचं दार बंद. अर्जात ३०० पर्यंत पर्याय भरता येतात, पण प्रवासाच्या दृष्टीने खरी जोखीम वरच्या सहा ओळींतच आहे.

किलोमीटर फसवतात

बदलापूरला राहणाऱ्या विद्यार्थ्याचं उदाहरण घेऊ. माटुंग्याचं व्हीजेटीआय, नवी मुंबईत ऐरोली-नेरूळची खासगी कॉलेजं आणि उलट दिशेला कर्जतकडची कॉलेजं, असे तीन रस्ते त्याच्यासमोर आहेत. माटुंग्याला फास्ट गाडी थांबत नाही, म्हणजे दादरला उतरून चालत किंवा मागे फिरून जायचं, नाहीतर वाटेत स्लो गाडी पकडायची. नवी मुंबईसाठी ठाण्याला उतरून ट्रान्स हार्बरच्या फलाटावर जायचं. नकाशावर ऐरोली बरीच जवळ दिसते, पण सकाळी साडेआठला ठाण्याचा पूल चढून जाणं नकाशात दिसत नाही. कर्जतकडे जाताना गर्दी उलट दिशेची असल्याने बसायला जागा मिळण्याची शक्यता जास्त. अडचण एवढीच की कल्याणच्या पुढे गाड्याच कमी, त्यामुळे एक चुकली तर पहिलं लेक्चर गेलं.

म्हणून अंतरापेक्षा तीन गोष्टी आधी पाहायला हव्यात: गाडी किती वेळा बदलावी लागते, गर्दीच्या दिशेने जायचं की उलट, आणि स्टेशनपासून कॉलेजपर्यंत चालत जाता येतं की रिक्षाच्या रांगेत उभं राहावं लागतं. शेवटच्या गोष्टीकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं आणि रोजचा खिसा तिथेच रिकामा होतो.

आता वेळेचा हिशोब. घरातून निघून पुन्हा घरी पोहोचेपर्यंत रोज चार तास प्रवासात जात असतील आणि वर्षात १८० दिवस कॉलेज धरलं, तर वर्षाचे ७२० तास होतात. चार वर्षांचे २,८८०, म्हणजे पूर्ण १२० दिवस-रात्री. उभ्याने, बॅग पुढे घेऊन. ७५ टक्के हजेरीची अट वेगळीच. गाड्या उशिराने धावल्या तरी प्रॅक्टिकलची वेळ बदलत नाही. शिवाय कोडिंग क्लब, प्रोजेक्टची टीम, सीनियरच्या ओळखी असं प्लेसमेंटला उपयोगी पडणारं बरंच काही संध्याकाळी पाचनंतर घडतं. त्याच वेळी लांबून येणाऱ्या मुलाचं लक्ष ५.४० च्या फास्टकडे असतं.

आणि हा प्रश्न फक्त दगदगीचा नाही. ९ जून २०२५ रोजी सकाळच्या गर्दीत मुंब्र्याजवळ दोन लोकलच्या दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि त्यात जीव गेले. कल्याणच्या पलीकडून रोज मुंबईकडे जाणाऱ्यांचा हाच मार्ग आहे.

मुलींची यादी वेगळी का असते?

राज्यात २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमात प्रवेश घेतल्यास शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मोठा अडसर दूर झाला, हे खरंच. पण फीचा प्रश्न सुटल्यावर घरातला पुढचा प्रश्न असतो, "येताना किती वाजतील?"

या प्रश्नाची किंमत किती, याचा अंदाज दिल्लीतल्या एका अभ्यासातून येतो. अर्थतज्ज्ञ गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या कॉलेजनिवडीचा आणि त्यांच्या प्रवासाच्या मार्गांचा अभ्यास केला. रस्ता अधिक सुरक्षित वाटत असेल, तर मुली दर्जाने वरच्या २० टक्क्यांतलं कॉलेज सोडून खालच्या अर्ध्यातलं कॉलेज घ्यायला तयार असतात, असं त्यांना आढळलं. दिल्लीच्या बस आणि मुंबईची लोकल सारखी नाही, इथे महिलांचे डबे आहेत. तरीही स्टेशनबाहेरचा अंधारा रस्ता लोकलच्या डब्यावर अवलंबून नसतो.

सरकारी मदतीतही ये-जा करणारा विद्यार्थी कोपऱ्यात राहतो. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता किंवा स्वाधारसारख्या योजना घरापासून दूर राहून शिकणाऱ्यांसाठी आहेत. रोज गाडी पकडणाऱ्याला मिळते ती सवलतीच्या पासची सोय. त्यासाठी कॉलेजकडून फॉर्म घ्यावा लागतो आणि स्टेशनबाहेरचा रिक्षा-बसचा खर्च त्यात येत नाही.

मग लांबचं कॉलेज घेऊच नये का? तसं नाही. फी खासगीपेक्षा कमी आणि कंपन्या स्वतःहून येतात असं व्हीजेटीआयसारखं अनुदानित कॉलेज असेल, तर तीन-चार तासांचा प्रवास वसूल होऊ शकतो. फसगत होते ती मधल्या फळीत. ज्यांच्या कटऑफमध्ये दोन-तीन पर्सेंटाइलचा फरक आहे, शाखा तीच, फी जवळपास तेवढीच, अशा दोन खासगी कॉलेजांपैकी रोज दीड तास वाचवणारं वर ठेवणं शहाणपणाचं. 'नाव मोठं' एवढ्यावर लांबचं वर टाकलं आणि ऑटो फ्रीझ झालं, तर निर्णय चार वर्षांचा होतो.

अर्ज अंतिम करण्याआधी एक काम करता येतं, त्याला खर्च तिकिटाचाच. पहिल्या सहा पर्यायांतल्या लांबच्या कॉलेजांपर्यंत, रविवारी नव्हे, कामाच्या दिवशी सकाळी कॉलेजच्या वेळेत जाऊन यायचं आणि संध्याकाळी सहाच्या गर्दीतच परतायचं. गेटवर भेटणाऱ्या विद्यार्थ्यांना प्लेसमेंटबरोबर हेही विचारायचं: शेवटचं प्रॅक्टिकल किती वाजता सुटतं, शनिवारी यावं लागतं का, आणि पावसात गाड्या बंद पडल्या त्या दिवसाची हजेरी कशी धरतात?