आठवणी आपल्या, गुपिते दुसऱ्यांची

पेढीचा सुवर्णमहोत्सव किंवा वडीलधाऱ्यांची पंचाहत्तरी आली की अलीकडे आपल्याकडे आठवणींचे पुस्तक निघते. ‘खासगी वितरणासाठी’ असे छापलेले असले तरी प्रती व्याह्यांपासून आडत्यांपर्यंत सर्वत्र पोहोचतात. स्थळ पाहणारी मंडळीही ते चाळतात.

काकांची पेढी बुडाली, आत्याबाईंचा साखरपुडा मोडला, धाकट्या भावाला मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावे लागले, असे सारे त्यात येते. ‘मी खोटे काय लिहिले?’ हा लेखकाचा ठरलेला प्रश्न. परंतु येथे खरेपणा हा पुरेसा बचाव नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली आर. राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात (तोही एका आत्मचरित्रावरूनच उद्भवला होता) म्हटले की, स्वतःचे, कुटुंबाचे, विवाहाचे, मातृत्वाचे खासगीपण जपण्याचा नागरिकाला अधिकार आहे. संमतीवाचून त्याविषयी सत्य असो वा असत्य, काही प्रसिद्ध करता येत नाही. सार्वजनिक दप्तरातील नोंदींचा अपवाद आहे. काकांच्या दिवाळखोरीचा निकाल तेथे सापडेलही. आत्याबाईंचा साखरपुडा सापडणार नाही.

बँकेत आम्हांला गुप्ततेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागे. खाते बंद झाले तरी ग्राहकाची गुप्तता राखण्याचे कर्तव्य संपत नाही, हे तत्त्व १९२४ सालच्या टूर्निअर या इंग्लंडमधील खटल्यापासून बँकव्यवहारात रूढ आहे. घरच्या आठवणींनाही माझ्या मते हाच नियम लावावा. आत्याबाई निवर्तल्या असतील, पण त्यांच्या मुली आहेत, त्यांना विचारावे.

नाव बदलून काही साधत नाही. ‘आमच्या एक काकू’ म्हटले की अर्धे गाव ओळखते, उरलेले अर्धे चौकशी करते! त्यापेक्षा लिहिलेले पान त्या व्यक्तीच्या हाती द्यावे, तेही नकार देता येईल इतक्या सवडीने. मुद्रिते आल्यावर विचारणे हा केवळ उपचार होय. सुनेला तर चारचौघांत विचारूच नये. सासऱ्यांसमोर कोणती सून ‘नाही’ म्हणेल? जुनी पत्रे छापतानाही लक्षात असावे की कागद आपल्या कपाटात असला तरी मजकुराचा स्वामित्वहक्क लिहिणाऱ्याचा, त्याच्या पश्चात वारसांचा असतो.

एवढी काळजी घेतली तर पुस्तक बेचव होईल, असे म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. बनारसीदास हे आपल्यासारखेच व्यापारी. त्यांनी १६४१ साली आग्र्यात ‘अर्धकथानक’ लिहिले. व्यापारातील खोट, तरुणपणीचा प्रेमाचा नाद, आजारपण, अपत्यांचे मृत्यू, काहीच झाकले नाही. परंतु लाजिरवाणे म्हणून जे सांगितले ते मुख्यतः स्वतःचे. जवळजवळ चारशे वर्षांनंतरही तो ग्रंथ आवडीने वाचला जातो.

आणि कोणी नकार दिलाच, तर तेवढे पान हस्तलिखितातून काढून त्यांच्याच स्वाधीन करावे. ठेवायचे की फाडायचे, ते त्यांनी ठरवावे.