सोनेरी गुडघ्याचा मोह



सोनेरी मुलाम्याचाच कृत्रिम गुडघा बसवावा, हा आपल्या पत्रलेखकाचा सल्ला पटत नाही. झिजते ती मुख्यतः मांडी आणि नडगीकडच्या धातूंमधली पॉलिथिलीनची पांढरी चकती. मुलामा त्यानंतरची गोष्ट. ‘लॅन्सेट’ने २०१९ मध्ये छापलेल्या अभ्यासानुसार संपूर्ण गुडघेरोपणांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षे टिकतात, आणि त्यात साध्या कोबाल्ट-क्रोम धातूच्या गुडघ्यांचा वाटा मोठा आहे. कोबाल्ट-क्रोममधल्या निकेलच्या ॲलर्जीचे काय, असे कुणी विचारेल. शंका रास्त आहे. पण नुसत्या कातडीच्या चाचणीवरून सांधा कसा वागेल हे कळत नाही. राहिला किमतीचा प्रश्न. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने कोबाल्ट-क्रोमची कमाल किंमत ५४,७२० आणि टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमच्या गुडघ्याची ७६,६०० रुपये ठरवली, करांव्यतिरिक्त. हा फरक म्हणजे टिकाऊपणाचा दाखला नव्हे. कुंभकोणम परिसरातल्या बेताच्या मिळकतीच्या घरांनी ते बावीसेक हजार शस्त्रक्रियेनंतरच्या फिजिओथेरपीसाठी राखून ठेवावेत.

— एक वाचक, तिरुविडैमरुदूर